काकूंचा पांढरा ओटा

काकूंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. गल्लीत दोन्हींची कीर्ती सारखीच. आता असल्या सुगरण बाईने स्वयंपाकघराच्या ओट्याला पांढरा संगमरवर का निवडावा? तर धाकटी जाऊ नवा ओटा घालणार, अशी बातमी लागली म्हणून. बाकीची कारणं मागाहून शोधण्यात आली.

दगडाच्या दुकानदाराने आधीच विचारलं होतं, "रोजचं रांधणं आहे ना? मग काळा ग्रॅनाइट घ्या. संगमरवराला आंबट सोसत नाही, आणि तेल तर तो पितोच."

"काळा काय, गल्लीत झाडून सगळ्यांकडे आहे," काकू म्हणाल्या. काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण वेळीच त्याची जांभई केली. त्यांचा संसार उगीच नाही टिकला.

ओटा बसला. दुधासारखा शुभ्र! आणि त्या दिवसापासून काकूंच्या घरात ओटा सोडून सगळीकडे स्वयंपाक होऊ लागला. टोमॅटो चिरायचा मोरीत. तळण गॅलरीत, स्टुलावर शेगडी मांडून. काकांनी एकदा चुकून चहाचा कप ओट्यावर टेकवला.

"अहो, तो ओटा आहे!" काकू कडाडल्या.

"ओटा आहे म्हणूनच ठेवला," असं पुटपुटत काका कप हातात धरून घरभर हिंडले.

अखेर एका दुपारी धाकटी ओटा बघायला आली. तिने दगडावरून बोट फिरवलं, ते बोट न्याहाळलं आणि शब्द साखरेत घोळून म्हणाली, "काय चकाचक हो जाऊबाई! हल्ली जेवण बाहेरूनच मागवता वाटतं?"

"हो ना, गॅलरीतून येतं," काकांनी संधी साधली.

काकूंना लोक आजवर भांडखोर म्हणाले, आगलावी म्हणाले, सगळं पचलं. पण त्यांच्या घरची चूल थंड, असं कुणी म्हणावं? आणि हिने म्हणावं? उद्या सगळ्या नात्यात तेच पसरणार! त्यांनी पदर खोचला, गॅलरीतली शेगडी आणून ओट्यावर आदळली. टोमॅटो थेट दगडावर चिरले. वांग्याचे काप कढईत चरचरले, तेल चौफेर उडालं, आणि तळण झाल्यावर कढई मधोमध दाणकन टेकवली.

धाकटीने दोनदा मागून घेतलं. ताट बोटाने पुसून खाल्लं. मग मदतीच्या निमित्ताने कढई उचलून पाहिली. खाली तेलाचं हे एवढं कडं! टोमॅटो चिरले तिथली तर तकाकीच उडालेली.

"अगंबाई! गेला की हो तुमचा ओटा. मी मेली पांढराच घालणार होते. आता काळाच घेते."

"घे की," काकू तिच्या ताटात आणखी दोन काप वाढत म्हणाल्या. "पण तुला पांढराही चालेल गं. तुझ्या भाजीत डाग पडण्यासारखं असतं काय?"