सोनमनं न गाळलेला विषय

सोनम मेश्राम एकदा नाही म्हणाली की संपलं. अख्खी रेल्वे कॉलनी समोर उभी करा, पोरगी हलायची नाही. तिची आई कलावती म्हणते, हा हट्ट बापाचा. बाप गुलाबराव म्हणतो, छे, हा आईच्या माहेरचा. दोघंही अर्धंच खरं सांगतात. घरात हट्टाला तोटा नव्हताच, सोनमनं दोन्हीकडचा उचलला, एवढंच.

गुलाबराव रेल्वेत फिटर. डब्याखाली शिरून ब्रेक तपासायचे, ढिलं झालेलं आवळायचं, हे त्याचं काम. मूळचा पुलगावचा. बदली होऊन जयपूरला आला तेव्हा सोनम नववीत जाणार होती. सरकारी शाळेत मास्तरांनी विचारलं, कामधंद्याचा एक विषय घ्यावा लागतो, ब्युटी पार्लरचा देऊ की ऑटोमोटिव्ह? आता गुलाबरावाला जगातली प्रत्येक गोष्ट रेल्वे भरतीच्या मापानं मोजायची सवय. ऑटोमोटिव्ह शिकलेल्याला रेल्वेत आधी घेतात, अशी त्याची पक्की समजूत. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. "लोकायच्या भुवया कोरायले नाही पाठवत मी पोरीले," तो म्हणाला आणि सही ठोकून मोकळा झाला. सोनमला विचारलंसुद्धा नाही.

ही समजूत चुकीची आहे हे कळेपर्यंत वर्ष उलटलं. तोवर पोरगी रमली होती. वर्गात ती एकटी मुलगी. पोरं 'ट्रकवाली' म्हणून चिडवायची. सुरुवातीला घरी येऊन रडली, मग रडायचा कंटाळा आला आणि तिनं पाना उचलला. अकरावीच्या सुट्टीत शाळेनं तिला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात शिकायला धाडलं. रोज सिटी बसनं जायची, नखांत काळं घेऊन यायची आणि तशीच ताटावर बसायची. "आधी हात धू व माय!" कलावती ओरडायची.

त्याच गॅरेजात तिच्या डोक्यात वकिली शिरली. तिथं अपघातात चेपलेल्या गाड्या यायच्या आणि गाडीमागोमाग विम्याची भांडणं, पोलिसांचे कागद, रडवेली माणसं. गाडी सरळ व्हायची, माणसं तशीच चेपलेली परत जायची. सोनमला ते बघवेना. बारावी होताच तिनं घरी जाहीर केलं, मी लॉ करणार.

शहरातल्या एका खासगी लॉ कॉलेजचा फॉर्म ऑनलाइन होता. नववी ते बारावी शिकलेला प्रत्येक विषय लिहा, आणि त्यातल्या एकानं तुम्हाला काय दिलं ते थोडक्यात सांगा, असं त्यात विचारलं होतं. गुलाबरावानं तिला मालवीय नगरात फॉर्म भरून देणाऱ्या नीरजजींकडे नेलं. त्यांनी यादी वाचली आणि तोंड आंबट केलं.

"बेटा, हे ऑटोमोटिव्ह उडवून टाक. मेकॅनिक वाटशील. राज्यशास्त्रावर लिही, माझ्याकडे मजकूर तयार आहे."

"तो मजकूर आधी किती जणांना दिलात?" सोनमनं विचारलं.

नीरजजींनी चहा मागवला.

घरी आल्यावर गुलाबराव नीरजजींचीच री ओढायला लागला. वडिलांच्या धंद्यापुढं त्यानं आधीच 'रेल्वे कर्मचारी' लिहायला लावलं होतं, ते तिनं ऐकलं. पण हे?

"काढून टाक तो विषय," तो म्हणाला.

"विषय तुम्हीच घेतला होता ना, बाबा?"

"चुकलो मी. झालं?"

"तुम्ही चुकलात म्हणून माझी चार वर्षं खोटी? मतलब मी शिकलेच नाही?"

पण गुलाबरावाच्या हातात हुकुमाचं पान होतं. फॉर्म पाठवायचा तर पालकाच्या फोनवर ओटीपी येणार, आणि तो टाकल्याशिवाय फॉर्म जात नाही. नंबर बदलायची सोय नाही. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, पाचला पोर्टल बंद होणार. गुलाबरावानं फोन खिशात टाकला. "विषय काढ, मंग आकडा देतो," म्हणाला आणि ड्युटीवर निघून गेला.

"काढून टाक ना बाई," कलावती म्हणाली. "कोण पाहते?"

"मी पाहते ना, आई."

आणि निघाली की पोरगी तरातरा! डबे दुरुस्त होतात त्या यार्डाच्या गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं. "गुलाबराव मेश्रामांना बोलवा," तिनं सांगितलं, "नाहीतर मी इथंच बसते." आणि खरंच बसली, भर उन्हात.

गुलाबराव धावत आला. मागं त्याच्या जोडीचे चार लोक माना उंचावून बघत होते.

"इथं कायले आली? लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. ओटीपी द्या."

"विषय काढला?"

"नाही. काढणारही नाही. तुम्हाला लाज कशाची वाटते, बाबा? माझ्या हाताला ग्रीस लागलं त्याची? मग तुमच्या हाताला काय आहे?"

गुलाबरावानं हात पाठीमागं नेले.

"कॉलनीतल्या लग्नात साहेबानं विचारलं, पोरगी काय शिकते," तो हळू आवाजात म्हणाला. "मी सांगतलं. तर हसला. म्हणे, फिटरच्या घरात अजून एक फिटर. मलेही हसावं लागलं. थे कॉलेजवाले बी हसतीन. तुह्यावर हसलेलं मले नाही सहन होत, पोरी."

सोनमनं तरी आवाज खाली आणला नाही.

"हसू द्या. हसून नाही घेतलं तर नाही घेतलं. पण तो विषय खोडून गेले, तर त्यांनी घेतली ती कुणी दुसरीच. मी काय कॉलेजची पाचही वर्षं भीत बसू, कुणाला कळेल म्हणून?"

मागचे चार लोक गुपचूप दुसरीकडं बघायला लागले. गुलाबरावानं फोन काढून अंगठा टेकवला. फोन उघडेना. परत टेकवला, तरी नाही. ग्रीसचा अंगठा फोन ओळखायला तयार नव्हता. सोनमनं बापाचा हात ओढून घेतला आणि आपल्या ओढणीनं अंगठा खसाखसा पुसला. फोन उघडला. तिनं आपल्या फोनवरून फॉर्म पाठवायला घेतला आणि इकडं बापाच्या फोनवर ओटीपीचे आकडे आले.

ती ते टाकणार तोच गुलाबरावानं तिचं मनगट धरलं.

"थांब. माह्या नावापुढं काय लिहिलं?"

"रेल्वे कर्मचारी. तुम्हीच सांगितलं होतं."

"थे काढ. फिटर लिही."

"बाबा, आता काही बदललं तर ओटीपी परत मागेल."

गुलाबरावानं अंगठा ओढणीच्या स्वच्छ टोकाला आणखी एकदा पुसला.

"मागू दे," तो म्हणाला. "देतो."