पुराना खाली, नया ऊपर

माय वारली त्याच उन्हाळ्यात दादाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दादा मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता. शेठनं कॉम्प्युटर आणला होता तो मुख्यतः व्यापाऱ्यांना दाखवायला. चालवायला एकटा दादा शिकला.

मायची गाणी त्या कॉम्प्युटरात होती. ती कापूस वेचता वेचता गाणी जुळवायची आणि मग बारशाला, लग्नात, जयंतीला विहारात म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा दादानं एक रीत लावून घेतली. सकाळी तिच्याकडून एक गाणं ऐकायचं, तेच घोकत सायकलनं जाम नदीचा पूल ओलांडायचा आणि ऑफिसात पोचल्याबरोबर टाइप करायचं. मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत.

"काहून रे, माह्यं गाणं इंग्रजीत टाकून राहिला?" माय हसायची. "आता बारशाले का मॅडम लोकं येतीन गायाले?"

प्रिंटरची रिबन वाळून गेली होती. शेठ आणतो आणतो म्हणत होता. तेवढ्यात माय गेली.

मग एक दिवस कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ यायची आणि तिथंच सगळं थांबायचं. दादानं माहितीचं पुस्तक वाचून काढलं. आतली मूळ प्रणाली खराब झाली होती. तीच प्रणाली जुनीच्या वर पुन्हा बसवली की काम होणार होतं, आणि बाकीचं सगळं जागच्या जागी राहणार होतं. शेठनं भोपाळहून इंजिनिअर बोलावला.

तो आला त्या दिवशी मी दादाचा डबा घेऊन ऑफिसात गेले होते. इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता, आणि त्याला परतीची गाडी गाठायची होती. त्यानं विचारलं, "कैसे करना है, भाईसाहब?"

"पुराना सब खाली, नया ऊपर से डाल दो," दादा म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

आमच्याकडे हिंदी बोलतानाही माणूस 'खाली'च बसतो. 'नीचे' कोणाच्या तोंडात येत नाही. माझ्या कानाला काही खटकलं नाही. इंजिनिअरलाही नाही. त्यानं जुनं सगळं रिकामं केलं आणि नवं टाकलं.

दादा परत आला. कॉम्प्युटर चालू झाला होता. त्यानं बसून गाण्यांची फाइल शोधली, पुन्हा शोधली.

"इसमें मेरा काम था."

"आपने ही तो कहा, पुराना सब खाली."

"खाली मतलब..." दादानं तळहात टेबलाच्या पातळीवरून जमिनीकडे नेला. इंजिनिअर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. चहा आला, पण कोणी घेतला नाही.

आठवडाभरानं मीच दादाला सावरगावला मावशीकडे घेऊन गेले. ती मायच्या जोडीनं वेचायला जायची. रडत बसण्यात अर्थ नव्हता. जेवढं मिळेल तेवढं लिहून घ्यावं, असा माझा हिशेब. मावशीनं बारशाचं गाणं म्हटलं.

"माय असं म्हणे नाही," दादा म्हणाला.

"मंग कसं म्हणे?"

"दुसऱ्या ओळीत पाळणा नाही. दुसरं काहीतरी होतं."

"मंग तूच म्हन न बाप्पा. रोज तं तूच आयकत होता."

दादानं तोंड उघडलं. चाल सुरू केली, दोन शब्द म्हटले आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबला. ऑफिसात पोचेपर्यंत लक्षात ठेवायचं आणि टाइप झालं की डोकं उद्याच्या गाण्यासाठी मोकळं करायचं, असंच त्यानं ते केलं होतं.

मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उठून अंगणात गेला. मी वही उघडली आणि मावशीला म्हटलं, तू तुझं सांग. तिनं पाळणाच सांगितला. मी पाळणाच लिहिला.