सुनेसाठी सरकतं दार

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर फिटर म्हणून जन्म घालवलेल्या अण्णासोंनी पोराचं लग्न ठरताच शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या मधे दार बसवायला घेतलं. बिजागरीचं दार उघडायला जागा नव्हती, म्हणून सरकतं. वर लोखंडी पट्टी, मागाच्या भंगारातल्या बेअरिंगा, खाली लोंबता प्लायवूड. रविवारी सकाळी बसले ते संध्याकाळी दार बोटानं सरकायला लागलं.

"सूनबाईला आडोसा झाला," ते बायकोला म्हणाले.

रत्नव्वानं तिथला पडदा उतरवला. तिच्याच जुन्या लुगड्याचा. नवी नवरी असल्यापासून ती त्याच्याआड कपडे बदलायची, बाहेर सासरा खोकला की अंग चोरून थांबायची. दार मागितलं की अण्णासो "बघू की" म्हणायचे.

तिनं आत जाऊन दार ओढून घेतलं. आतून आवाज आला, "एका रविवारचं काम हुतं व्हय ह्ये?"