दारापुढच्या चार फरश्या

तिला सगळे पक्कड म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिला त्याचा रागही यायचा नाही, कारण नाव चपखल होतं. एकदा धरलं की सोडायची नाही. मग तो गंजलेला नट असो, नाहीतर कुणी केलेला अपमान. बाप शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं टेबल होतं, आणि त्या टेबलाखाली बसून ही लहानाची मोठी झाली. इतर पोरींच्या फ्रॉकला चिखल लागतो, हिच्या फ्रॉकला मशीनचं तेल, म्हणून आई रोज कपाळावर हात मारायची.

बापाचे नियम दोनच. एक, मशीन उघडताना प्रत्येक स्क्रूच्या भोकाशी खडूनं आकडा घालायचा आणि स्क्रू त्याच क्रमानं काडेपेटीत ठेवायचे. दुसरा, दुसऱ्याची वस्तू उघडी टाकून उठायचं नाही. घराला आग लागली तरी आधी मशीन बंद कर आणि मग पळ, असं म्हणायचा. आई म्हणायची, ह्या माणसाचा काही नेम नाही, खरंच तसं करेल.

विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना हिला कचऱ्याच्या ढिगावर एक टेबलफॅन दिसला. चांगला धडधाकट, फक्त वायर तुटलेली. ह्यांचे हात काय मोडलेत का, म्हणत तिनं तो उचलला, दुपारपर्यंत चालू केला, आणि त्याच आठवड्यात दुरुस्ती मंडळ काढायचं ठरवलं. अर्ज, नियमावली, दहा सह्या, आणि एक प्राध्यापक सल्लागार म्हणून. भौतिकशास्त्राचे सर तयार झाले, कारण ते कुठल्याही कागदावर न वाचता सही करत. आता खोली तेवढी हवी होती. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली एक खोली मोडक्या बाकांनी भरून पडली होती, पण ती मागायला कुलसचिवांपुढे उभं राहावं लागणार होतं. आणि पक्कडला पंख्याशी बोलता यायचं, साहेबांशी नाही. घशाला कोरड पडायची.

म्हणून तिनं माईकला बरोबर घेतलं. हा राज्यशास्त्राचा मुलगा, हातात माईक आला की परत द्यायचा नाही म्हणून हे नाव. त्यानं दहा मिनिटांत खोली मिळवली. साहेबांनी वर चहा पाजला. पक्कड इतकी खूश झाली की तिनं त्याला मंडळाचा उपाध्यक्षच करून टाकलं. हाय रे दैवा! पोरीला स्क्रूची पारख होती, माणसाची नव्हती.

दोन वर्षं मंडळ जोरात चाललं. पहिल्यांदा खोलीतलेच मोडके बाक दुरुस्त झाले. मग दर शनिवारी इस्त्र्या, छत्र्या, सायकली, गजराची घड्याळं. वस्तू आणणाऱ्यानं शेजारी बसायचं, पक्कड दाखवेल तसं स्वतः करायचं. केमिस्ट्रीची एक मुलगी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरायची, तिनं वर्षभरात प्राध्यापिकाबाईंचा मिक्सर एकटीनं जुळवला. माईक मात्र दोन वर्षांत कशाला हात लावेल तर शपथ. तो दारात उभा राहून येणाऱ्याला सांगायचा, "आम्ही सगळं दुरुस्त करतो." आम्ही म्हणे! पक्कड आतून ऐकायची आणि हसायची. तेव्हा तिला ते गमतीचं वाटायचं.

तिसऱ्या वर्षीची वार्षिक सभा शनिवारीच ठेवली होती. त्या दिवशी टेबलावर मावशींचं मशीन होतं. मावशी म्हणजे त्या इमारतीचे जिने आणि व्हरांडे झाडणाऱ्या. सकाळी झाडू, संध्याकाळी घरी शिवणकाम. शाळा उघडायच्या आत गणवेशाचे तीस निळे फ्रॉक शिवून द्यायचे होते आणि मशीन टाके सोडत होतं. पक्कडनं पट्टी काढली, शटल बाहेर काढलं, आकडे घातले, स्क्रू आणि शटल काडेपेटीत ठेवले. शटल ज्या कडीत फिरतं तिला बारीक कंगोरा आला होता, दोरा त्यात अडकायचा, तो घासून काढला की संपलं. "मावशी, झाडून होईपर्यंत तयार," असं तिनं सांगितलंसुद्धा.

तेवढ्यात माईक एक्केचाळीस जण घेऊन आत आला. खोलीत मावेनात, अर्धे बाहेर उभे राहिले. सगळे आदल्या दिवशी सदस्य झालेले. आदल्या दिवशी नाव दिलं तरी मत देता येईल, हा नियम पक्कडनंच लिहिला होता, येणाऱ्याला कुठली आडकाठी नको म्हणून. त्या एक्केचाळीस जणांपैकी एकालाही स्टार आणि साधा स्क्रू ओळखता आला नसता, पण हात वर करता येत होता. माईक अध्यक्ष झाला. मग त्यानं पाच मिनिटं पक्कडचं कौतुक केलं, ती मंडळाची आई आहे म्हणाला, आणि तिला मानद सल्लागार म्हणून जाहीर केलं. म्हणजे मत नाही, काम नाही, किल्ली नाही. किल्ली त्यानं टाळ्यांच्या गजरात तिच्या हातातून घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला तोंड उघडलं तर घसा पुन्हा कोरडा.  टेबलावरची काडेपेटी उचलली, पिशवीत टाकली आणि चालती झाली. मशीन तसंच उघडं. मुद्दाम. करा म्हणावं आता दुरुस्त, "आम्ही" करतो ना!

घरी जाऊन ती जेवली नाही. आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. त्या दिवसापासून तिनं डूख धरला. अभ्यास करताना, बसमध्ये, भांडी घासताना, डोक्यात एकच. ती खोली परत घ्यायची आणि त्याच दारात त्याचं नाक कापायचं. भांडून नाही, भाषण करून तर नाहीच. कशानं ते तिला चौथ्या दिवशी सुचलं, आणि ती भांडी घासता घासता हसली.

विद्यापीठातल्या प्रत्येक मंडळाला दर वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागे. यंदाची मुदत त्या सभेपासून सातव्या शनिवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. त्याची सूचना विद्यार्थी विभागाच्या फळ्यावर परीक्षांच्या वेळापत्रकांखाली दबलेली असायची. अर्ज राहिला तर मंडळ रद्द. नाव मोकळं, खोली मोकळी, आणि सोमवारी जो पहिला अर्ज देईल त्याची. हे सगळं दोन वर्षं पक्कडनं एकटीनं केलं होतं. माईकला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. भाषणात टाळ्या येतात, नूतनीकरणात येत नाहीत, मग त्याला कशाला ठाऊक असणार?

ती वाट बघत राहिली. सात आठवडे. केमिस्ट्रीची मुलगी येऊन सांगायची, "अगं, तिथं आता नुसत्या बैठका होतात. मंडळाचं बोधचिन्ह कसं असावं यावर तीन शनिवार गेले." पक्कड म्हणायची, "होऊ देत." तारखेबद्दल मात्र हिलासुद्धा तिनं चकार शब्द सांगितला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मावशी जिन्यात भेटल्या. झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "बाई गं, माझं मशीन कधी होणार? तो मुलगा दर वेळी पुढच्या शनिवारी या म्हणतो. शाळा उघडायला आली."

काडेपेटी पक्कडच्या पिशवीतच होती. चालताना ती वाजायची, खुळखुळ. अर्ध्या तासाचं काम. खोली उघडायला लावली असती, कंगोरा घासला असता, तर मावशी त्याच संध्याकाळी शिवायला बसल्या असत्या. पण मग माईक दारात उभा राहून म्हणाला असता, बघा, आम्ही केलं.

"मावशी, मी आता तिथं नाही ना," पक्कड म्हणाली. "अध्यक्षांना विचारा."

"तूच घेतलं होतंस गं माझ्या हातातून."

"हो, पण आता किल्ली त्यांच्याकडे आहे."

मावशींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि झाडू उचलला. पक्कड भराभर जिना उतरली. पिशवी तिनं काखेत घट्ट दाबून धरली, वाजू नये म्हणून.

शेवटच्या शनिवारी ती विद्यार्थी विभागाच्या समोरच्या बाकावर पुस्तक उघडून बसली. एक पानही उलटलं नाही. साडेचारला खिडकीवाल्या काकांनी मान बाहेर काढली. "काय गं, यंदा तुमच्या मंडळाचा अर्ज दिसत नाही?"

"येईल हो काका," ती म्हणाली. "अध्यक्ष स्वतः घेऊन येणार आहेत."

पाच वाजले. खिडकीची फळी खाली आली. पक्कड घरी जाऊन दोन माणसांचं जेवली.

सोमवारी खिडकी उघडली तेव्हा ती पहिली उभी होती. दहा सह्या ताज्या, सरांची सही नेहमीप्रमाणे न वाचता केलेली. काकांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. "पक्की आहेस," एवढंच म्हणाले आणि शिक्का मारला.

शनिवारी माईक सात-आठ जणांना घेऊन आला, तर दाराला नवीन कुलूप आणि दारात पक्कड. एक्केचाळीसांतले बाकीचे कधीच पांगले होते. त्यानं किल्ली लावून पाहिली. दोनदा लावली. मग तिनं शिक्क्याचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. अहाहा! सात आठवड्यांची तहान भागली.

"तारीख तुला माहीत होती," तो म्हणाला. "तू सांगायला हवं होतंस!"

"मी मानद सल्लागार," पक्कड म्हणाली. घसा अजिबात कोरडा नव्हता. "तू सल्ला विचारलास का कधी?"

त्याच्याबरोबरचेच दोघं फिस्सकन हसले. माईकनं कामाची न राहिलेली किल्ली खिशात टाकली. तो गेला, आणि त्याच्या पाठीकडे ती जिना वळेपर्यंत बघत राहिली.

मग तिनं कुलूप काढलं. पिशवीतून काडेपेटी काढली. पहिलं काम मावशींचं, हे तिनं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. आत टेबलावर मशीन नव्हतं. धुळीत फक्त त्याच्या बुडाचा चौकोन उरला होता.

मशीन घरी होतं. बापाच्या टेबलावर.

तो चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मशीनचं तोंड तसंच उघडं, आणि भोकांशी खडूचे आकडे. एक, दोन, तीन. त्यानंच तिचा हात धरून शिकवलेले, तिनाला वर बारीक शेपटी काढायची त्याची सवय, तीसुद्धा. तिला पाहून त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. तळहात पुढे केला.

"स्क्रू आण."

तिनं काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं उघडून पाहिली. सगळे होते, क्रमानं.

"त्यांनी मला हाकललं, बाबा."

"त्यांनी हाकललं. कंटाळून हे मशीन इथं उचलून आणलं त्या बाईनं काय केलं होतं?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण आतून आई दारात येऊन उभी राहिली. "बस. बंद कर ते. आणि उचलून तूच नेऊन दे. मी तिला सांगितलंय हे काम कुणाचं आहे ते."

अर्ध्या तासाचं काम अर्ध्या तासात झालं. मशीन टाका न सोडता चाललं. पक्कडनं ते खांद्यावर घेतलं आणि दोन ठिकाणी टेकत, पत्ता विचारत मावशींच्या खोलीवर पोचली. मावशी भाजी निवडत होत्या. कोपऱ्यात मशीनचं रिकामं टेबल, त्यावर फ्रॉकचं निळं कापड नव्हतं. तीस फ्रॉक दुसरीकडे गेले होते, आणि शाळेनं पुढच्या वर्षीचंही तिकडेच सांगितलं होतं.

"मावशी, चुकलं माझं," पक्कड म्हणाली.

"ठेव तिथं," मावशी म्हणाल्या.

पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही, शिवी तर नाहीच दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पक्कडनं मशीन टेबलावर ठेवलं आणि ती परत आली.

सोमवारी तिनं खोली उघडली तेव्हा अख्खा व्हरांडा लख्ख झाडलेला होता. फक्त तिच्या दारापुढच्या चार फरश्या नव्हत्या. झाडूच्या खुणा इकडून फरशीच्या कडेपर्यंत आल्या होत्या, आणि पलीकडच्या कडेपासून पुन्हा सुरू झाल्या होत्या. मंगळवारी तेच. पुढच्या सोमवारीही तेच. कुणाकडे तक्रार करणार? आणि कुठल्या तोंडानं?

माईकचा राग महिनाभरात गेला. त्यानं वक्तृत्व मंडळ काढलं, आणि येताजाता तिला हात करायला लागला. त्याचा तिला विसर पडला म्हटलं तरी चालेल. पक्कड पदवीनंतर त्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायला लागली, मंडळाची सल्लागारही झाली, मानद नव्हे, सहीची. जिन्याखालची खोली अजून शनिवारी उघडते. ती चार फरश्या स्वतः झाडायची. नवीन मुलं झाडू घ्यायला धावली की म्हणायची, "राहू दे, इथलं मीच झाडते."

मावशी निवृत्त झाल्या तो दिवस शुक्रवार होता. पक्कड मुद्दाम लवकर येऊन दारात उभी राहिली. मावशी व्हरांड्याच्या टोकापासून झाडत आल्या, सावकाश, शेवटचं म्हणून की काय, अगदी कोपरे काढत. तिच्यापर्यंत आल्या. झाडू उचलला, चार फरश्या ओलांडल्या, आणि पलीकडे टेकवून पुढे झाडत गेल्या.

पक्कडनं दारामागचा झाडू घेतला.