म्हशीसाठी चालू ठेवलेली पिकअप

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेनं मात्र पिकअपलाच दुखणं लावलं.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि भर गर्दीतून मालकाच्या गाडीमागं पळवतात. बाकीच्यांच्या म्हशी मोटारसायकलमागं पळतात. आमच्याकडं वैरण आणायची पिकअप आहे आणि ती मी चालवते. आईनं रेडकापासून वाढवलेली म्हैस यंदा पहिल्यांदा पळणार होती. आईनं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढं तिला हवं होतं.

म्हशीच्या कानात गाडीचा आवाज बसावा म्हणून नवरात्रापासून रोज सकाळी तासभर मी पिकअप गोठ्यापुढं नुसती चालू ठेवायची. आई म्हशीजवळ बसून तिला पेंड चारायची, तिच्याशी बोलत राहायची. शेजारचे हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं.

पाडवा आठ दिवसांवर आला आणि गाडी पुरती बिघडली. उभ्या जागी थडथडायची, काळा धूर ओकायची, चढ आला की मान टाकायची. एका गॅरेजवाल्यानं इंजेक्टर गेला म्हणून सांगितलं, दुसरा थेट पंप खोलायला निघाला. माझं डोकंच फिरलं. शेवटी शाहूपुरीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं गाडी नेली.

त्यांनी आधी चहा मागवला, मग स्कॅनर लावला. "ईजीआर व्हॉल्व्ह म्हणतंय हे. पर मशीन म्हणतंय म्हणून लगेच खोलायचं न्हाय," ते म्हणाले. जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडायचा आणि नको तेव्हा वाट बंद करायची, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. मिस्त्रींनी त्या वाटेत पत्र्याचा तुकडा अडकवला आणि गाडी चालू केली. थडथड गायब! म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. खोलून दाखवला, तर आत चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी काजळी.

"ताई, गाडी जाग्यावर लई चालू ठेवता व्हय?"

मी म्हशीचं सगळं सांगितलं. मिस्त्री इतके हसले की हातातला पाना खाली पडला. "म्हशीला शिकवायच्या नादात गाडीचा घसा बसवला की वो! हिला जरा हायवेला ताणून पळवत जावा, म्हंजे काजळी साचणार न्हाय." मलाही हसू आवरेना. चूक माझीच, रागावणार कुणावर?

व्हॉल्व्ह साफ झाला आणि गाडी झकास चालायला लागली. घरी आणून गोठ्यापुढं सुरू केली. म्हशीनं परक्या गाडीकडं बघावं तसं मान वर करून बघितलं आणि ती पुन्हा रवंथ करत बसली. तिच्या कानात बसलाय तो आजारी गाडीचा आवाज, असं आम्हाला वाटलं. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मिस्त्रींना फोन लावला. "घटकाभर बिघाड परत करून देऊ का?" ते म्हणाले. शेजारी कान देऊन बसलेल्या आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"नगं. बरी झालेली गाडी आजारी पाडून मला मिरवायचं न्हाय."

पाडव्याला सजवलेली म्हैस रस्त्यावर उभी केली. मी गाडी सुरू केली, थोडी पुढं घेतली. म्हैस जागची हलेना. मागं रांग लागली, कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, म्हस दमली काय?" मला रडायलाच यायला लागलं. तेवढ्यात आईनं पदर खोचला आणि त्या सगळ्या बाप्यांच्या देखत पिकअपच्या हौद्यात चढली. असं कुठल्या बाईनं केलेलं मी तरी बघितलं नव्हतं.

"चल गं बाय माझी!"

म्हैस अशी उधळली की मला गिअर बदलायला फुरसत मिळेना. महिनाभर ती गाडीचा आवाज ऐकतच नव्हती, आईचा ऐकत होती. आरशात मला रंगवलेली शिंगं दिसत होती आणि डोक्यावरचा पदर उडालेली, लहान पोरीसारखी खिदळणारी माझी आई. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. नदीच्या घाटाजवळ मी वेग कमी केला, तशी आईनं केबिनच्या टपावर थाप मारली.

"थांबतीस कशाला? आणि एक फेरी हाण की!"