शेपूट गोल होतं

बाबांच्या दशक्रियेला कायगावच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा काका मला म्हणाले, "पोरी, काही राहिलं असंल तर बोल. एवढी शिकलेली तू, लाजती कशाला?" सगळे आभाळाकडे बघत होते. मीही बघितलं, आणि याच गोदावरीच्या काठावरची कितीतरी वर्षांपूर्वीची थंडीतली सकाळ आठवली.

बाबांना एकदा तरी गरुड बघायचा होता, म्हणून आम्ही दोघं उजाडायच्या आत स्कूटरवरून निघालो होतो. पाण्यावर धुकं होतं. ओल्या गाळाचा वास येत होता आणि बोटं इतकी गारठली होती की दुर्बीण धरवत नव्हती. तेवढ्यात समोरच्या बाभळीवरून एक मोठा पक्षी उठला.

"गरुड! शेपूट बघ त्याचं, गोल आहे."

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी लगेच म्हणाले, "घार आहे, बाबा."

"बरं बाई. मास्तरीण म्हणते म्हणजे घारच," असं म्हणून ते हसले.

घरी आल्यावर मी पुस्तक उघडलं. घारीचं शेपूट मध्ये दुभंगलेलं असतं, असं त्यात होतं. मलाही ते गोलच दिसलं होतं.

सांगायला त्यांच्या खोलीत गेले, तर ते दुपारचे झोपले होते. उशाशी पक्ष्यांची वही उघडी होती. तीत त्यांनी 'गरुड' खोडून शेजारी 'घार' लिहिलं होतं. उठल्यावर सांगू, असं ठरवून मी वही मिटली.