नाईक बागवानने काढून ठेवलेली फाईल

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होती. मी मुरगूडचा, सिग्नलचा हवालदार. जोडीदार नाईक सलीम बागवान, कुरुंदवाडचा. सैन्यात आम्ही गोळ्यांपेक्षा फायलीच जास्त सोडल्या, असं सांगितलं की गावात लोक हसतात. हसू द्या. राऊटर बंद पडला की चौकी बहिरी आणि मुकी होते. तो चालू ठेवणं ही आमची ड्यूटी होती आणि मला तिचा अभिमान आहे.

त्या दिवशी राऊटरवर नवं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, चढवायचा आदेश होता. लॅपटॉपवरून केबलने फाईल पाठवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. अकराला काम सुरू केलं. राऊटरच्या मेमरीत जागा कमी होती, म्हणून मी आतली जुनी फाईल पुसली. घाई माझीच. नवी फाईल निम्मी गेली आणि जनरेटर थांबला. थंडीने पाइपात डिझेल गोठलं होतं. अकरा चाळीसला जनरेटर चालू झाला, पण राऊटर उठेना. त्याच्या पोटात आता ना जुनं होतं, ना नवं.

बाराला रेडिओ वाजला. पेट्रोल, म्हणजे गस्तीवर गेलेली तुकडी, बोलत होती.

"चौकी, पेट्रोल बोल रहा है. एक जवान दरार में गिरा. पैर टूटा, खून ज्यादा. हेलिकॉप्टर मंगवाओ. ओव्हर."

पेट्रोलचा सेट आमच्यापर्यंत पोहोचत होता. खाली हेडक्वार्टरला मात्र फक्त आमची लाइन जायची, आणि ती मी बंद पाडली होती. दोननंतर ढग उतरत, मग हेलिकॉप्टर येत नसे. बंद राऊटरही केबलने फाईल घेतो, म्हणून मी नवीच पुन्हा पाठवायला घेतली.

"नवी फाईल मोठी हाय, उस्ताद," बागवान म्हणाला. "तेवढा येळ जनरेटर टिकायचा न्हाय. जुनी धाडा. ती लहान हाय. सकाळीच लॅपटॉपवर काढून ठेवलीया, सेटिंगसकट."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"नवी सून आली म्हणून सासूला घराभाईर काढत्यात व्हय?"

बाहेर जनरेटर पुन्हा अडखळू लागला.

"तुमी फाईल बघा. त्येचं मी बघतो."

गरम पाण्यात गोणपाट बुडवायचं, पिळायचं, डिझेलच्या पाइपाला गुंडाळायचं, आणि गार झालं की पुन्हा तेच. जाड हातमोज्यांनी पिळता येईना, म्हणून त्याने ते काढून टाकले. पन्नास मिनिटं तो उघड्या हातांनी बर्फात उभा होता. आत मी स्क्रीनवर टक्के बघत होतो. जनरेटर एकदाही थांबला नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी फाईल पूर्ण गेली. त्यामागून सेटिंग पाठवली. एक दहाला लाइन लागली.

"हेडक्वार्टर, चौकी से. कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर तुरंत चाहिए. ओव्हर."

"रॉजर. भेज रहे हैं."

एक पन्नासला हेलिकॉप्टर उतरलं. जवान वाचला. बागवानच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती. मी रिपोर्टमध्ये माझी चूक लिहिली आणि त्याचं काम लिहिलं. असा जोडीदार मिळणं हे माझं नशीब.

दोन महिन्यांनी खालच्या टप्प्यावरची तुटलेली केबल जोडायला गेलेला बागवान कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली सापडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. मी सगळ्यांसमोर रडलो.

आता मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. मध्यंतरी कुरुंदवाडला त्याच्या आईकडे, चाचींकडे, गेलो. चाचींनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "गल्लीत म्हनत्यात, तुजा सलीम कम्प्युटरवर बसायचा, लढाईत न्हवता. खरं काय रं बाबा?"

मी त्यांना तो सगळा दिवस सांगितला, वेळेसकट. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग उठल्या आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

"आता ह्येच भाईर उभा ऱ्हाऊन सांग. मोठ्यानं सांग की!"

मी गल्लीत जाऊन सावधान उभा राहिलो आणि परेडच्या आवाजात सुरुवात केली, "नाईक सलीम बागवान..."